पेचकस आणि पायथॉन

६ एप्रिल २०२५, रविवार. पिपरी मेघे

ही वही आचलने दिली. पोरगी सव्वीस वर्षांची, नागपुरात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. शनिवारी घरी येते. काल जेवताना म्हणाली, "बाबा, तुम्ही एकच चूक तीनदा करता अन् तिन्ही वेळा नव्यानं चिडता. लिहून ठेवत जा."

म्हणून लिहितो. मी मूळ रोहण्याचा. दुसऱ्या खेपेत दहावी. आर्वीत मोटर रिवायंडिंग शिकलो आणि एकोणतीस वर्षांपूर्वी इथे दुकान टाकलं. मोटर उघडायच्या आधी मी पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक तिच्या अंगाला टेकवतो, मूठ उजव्या कानाला लावतो आणि डोळे मिटतो. दहा सेकंदांत सांगतो: 'ठीक', नाहीतर 'जाईल'. हिंगणघाटापासून लोक मोटर घेऊन येतात ते काही माझ्या वाइंडिंगसाठी नाही. चंद्रभानच्या कानासाठी येतात.

दुसरा नाद कॉम्प्युटरचा. नव्व्याण्णव साली वर्ध्यात क्लास लावला. मास्तरांना पास्कल यायचं, म्हणून मलाही पास्कलच आलं. त्यात मी 'कानोसा' लिहिला. स्टेथोस्कोपच्या नळीत माइक बसवून तो मोटरीला चिकटवायचा आणि कॉम्प्युटरच्या डब्याला जोडायचा. कानोसा आवाज टिपतो, करंट मोजतो, हिरवा-लाल दिवा लावतो आणि लाल झाला तर स्टार्टर पाडून मोटर बंद करतो. फक्त त्याला कान नाही. आवाज टिपतो, पण त्यातलं कळत नाही.

कान आचलने केला. मी सात वर्षं प्रत्येक मोटरीचा आवाज भरून त्यावर माझा शेरा लिहीत आलोय, ते सगळं तिने पायथॉनमधल्या डीप लर्निंगच्या लायब्ररीला शिकवलं. आता नवा आवाज दिला की ते मॉडेल माझ्यासारखं सांगतं, ही मोटर जाण्याचा संभव किती. शून्य म्हणजे निवांत, एक म्हणजे गेलीच.

अडचण एवढीच की कानोसा पास्कल बोलतो आणि मॉडेल पायथॉन. पास्कलने पायथॉनला हाक मारून उत्तर घ्यायचं, हे माझं काम. मुदत १८ मे. त्या दिवशी अल्लीपूरला मधुकररावांच्या विहिरीवर भाजीपाला गटाचे बावीस शेतकरी जमणार. पटलं तर बावीस विहिरींवर कानोसा लागेल. नाही पटलं तर मी आहे आणि माझा पेचकस आहे. वय सत्तावन्न. पेचकस काही बावीस विहिरींवर एका वेळी लावता येत नाही, आणि माझ्यामागे तो कोणी कानाला लावणारही नाही.

८ एप्रिल, मंगळवार

आज पायथॉनचं दार ठोठावलं. पायथॉनची एक डीएलएल फाइल असते. ती आपल्या प्रोग्रॅमने उघडली की आतलं सगळं हाताशी येतं, असं सगळीकडे लिहिलंय. कानोसाने उघडायला घेतली तर विंडोज म्हणतं, फाइल वैध नाही. कालच उतरवलेली फाइल! चार वेळा काढली, चार वेळा परत टाकली.

दुपारी तीनला उजेड पडला. मी पास्कल लिहितो ते डेल्फी २००२ सालचं, बत्तीस बिटचं. आचलची लायब्ररी येते फक्त चौसष्ट बिटमध्ये. म्हणजे सिंगल फेजच्या बोर्डावर थ्री फेजची मोटर जोडून मी चार तास बटण दाबत होतो आणि फिरत नाही म्हणून मोटरीला शिव्या घालत होतो. एखाद्या गिऱ्हाइकाने हे केलं असतं तर मी वर्षभर गावाला सांगत फिरलो असतो.

चूक पहिली: शिव्या द्यायच्या आधी फेज बघावी.

१२ एप्रिल, शनिवार

सगळा कानोसा लाझारसमध्ये नेतोय. तेही पास्कलच, पण चौसष्ट बिटचं. तेवीस वर्षांचा संसार ट्रॅक्टरवर टाकून नव्या घरात न्यावा तसं झालंय. प्रत्येक खोलीत काहीतरी बसत नाही. फॉर्मवरची मराठी अक्षरं चौकोन झाली.

आचल आली. थोडा वेळ मागे उभी राहून बघत होती.

"बाबा, काऊन दोघाले एकाच घरात कोंबून राह्यले? पायथॉन वेगळा चालू द्या ना. कानोसा त्याले आवाज पाठवन, तो उत्तर पाठवन. झालं."

"एका घरात दोन चुली नाई मांडत मी. विहिरीवर लाइन दिवसातून दहादा जाते. परत आल्यावर एकच चूल पेटली तर?"

"मग मी मॉडेलच दुसऱ्या साच्यात काढून देतो. पायथॉन लागनारच नाई."

"अन् उद्या तू त्यात सुधारना केली का मी परत तुह्या दारात. नाई. मले अस्सल पायथॉन माह्या पास्कलच्या पोटात पाहिजे."

"हट्टी हाय तुम्ही."

"दहावी दोनदा दिली मी."

तेवढ्यात माझी बायको नलू आतून आली, ओले हात पदराला पुसत. "अवो, ते धुन्याची मशीन कवाची बोंबलून राह्यली, अन् तुम्ही तिच्या बाजूले बसून! उठून बंद करता नाई येत?"

"बोंबलली असती तर मले ऐकू नसतं आलं? भोंगा बिघडला असन तिचा."

नलूने आचलकडे पाहिलं, आचलने नलूकडे. काहीतरी शिजतंय दोघींचं. उद्या मशीन उघडून भोंगा बघतो.

१७ एप्रिल, गुरुवार

पाच दिवस. पाच दिवस एका ओळीसाठी!

डीएलएल उघडली. पायथॉनला 'दोन अधिक दोन' विचारलं, चार म्हणाला. मी नलूला हाक मारून ते चार दाखवले. "याच्यासाठी पाच दिवस?" म्हणून ती कणीक भिजवायला गेली. मग लायब्ररी मागवली आणि कानोसा जागच्या जागी कोसळला: शून्याने भागाकार. मी कुठेच भागाकार केलेला नाही. तीच लायब्ररी पायथॉनमध्ये एकटी चालवली तर मुकाट चालते.

शेवटी एका परदेशी माणसाच्या जुन्या पत्रव्यवहारात सापडलं. पास्कल हा जुन्या वळणाचा हेडमास्तर आहे. वर्गात कोणी शून्याने भागलं की घंटा वाजवून शाळाच सोडून देतो. पायथॉनच्या लायब्ऱ्या दिवसाला हजारदा शून्याने भागतात, 'अनंत' म्हणून पुढे जातात, आणि त्यांच्याकडे कोणाला त्याचं काही वाटत नाही. पायथॉनला आत घेण्याआधी हेडमास्तरांना एका ओळीत सांगायचं: असल्या गोष्टींकडे कानाडोळा करा. सांगितलं. लायब्ररी उघडली.

धुण्याच्या मशीनचा भोंगा उघडून पाहिला. तारा ठीक आहेत. चिनी माल, कधी वाजतो कधी नाही.

२० एप्रिल, रविवार

अल्लीपूरला जाऊन आलो. ऊन असं की स्टँडवर लावलेल्या गाडीची सीट हाताला सोसेना. मधुकररावांचा मळा मात्र हिरवागार. मांडवावर कारली आणि दोडके, खाली सांबार म्हणजे कोथिंबीर. सगळं एका विहिरीवर आणि एका पाच एचपीच्या मोनोब्लॉक पंपावर. माल रोज पहाटे हिंगणघाटच्या बाजारात जातो.

पेचकस लावला. खालचा घुमारा भरदार, रोटर कुठे घासत नाही, पंखा समतोल. "एकदम ठीक," मी म्हणालो. वहीत शेरा लिहिला आणि एक मिनिटाचा आवाज भरून घेतला.

आनंदाबाई, म्हणजे मधुकररावांच्या घरच्या, सांबाराच्या जुड्या बांधत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, आठ दिवस झाले, हे मोटर बारीक किरकिर करून राह्यली. दातात कनकन होते अशी."

"वहिनी, लिंबावरचे किडे असन ते. एवढ्या उन्हात तेच गातेत."

"मले किडे अन् मोटर ओळखू नाई येत काय?"

मधुकरराव म्हणाले, "तू जुड्या बांध व. मोटरीचं चंद्रभानभाऊले कळते." आणि मला म्हणाले, "पन त्या डब्यापायी माह्यी मोटर जळू नोका देऊ बरं. मे महिन्यात तीन दिवस पानी चुकलं का मांडव गेला."

मी लिंबाखाली उभा राहून मुद्दाम कान दिला. किडे त्या वेळी गप्प झाले असावेत.

२७ एप्रिल, रविवार

पायथॉनने मॉडेल उचललं, आवाज घेतला, उत्तर दिलं! ०.९९. जाईल.

दुसरी मोटर: ०.९९. तिसरी: ०.९९. काल खोक्यातून काढलेली कोरी मोटर: ०.९९. शेवटी दुकानातल्या टेबलफॅनचा आवाज दिला. तोही जाणार म्हणतो.

दिवसभर डोकं फोडलं. पास्कलमधून आवाजाचे आकडे जातात बत्तीस हजारांपर्यंतचे. आचलच्या मॉडेलला सवय उणे एक ते एक यांमधल्या आकड्यांची. मी त्याच्या कानात बत्तीस हजार पट ओरडत होतो, मग त्याला सगळंच जळतंय असं वाटणार नाही तर काय. एक भागाकार घातला आणि टेबलफॅन वाचला.

चूक कितवी ते विसरलो. मोठ्याने बोललं म्हणजे समोरच्याला जास्त कळतं असं नाही. नलूलाही हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मंग टीव्हीचा आवाज कमी करा."

३ मे, शनिवार

आज आचलसमोर परीक्षा. चाळीस आवाज घेतले. तिने तिच्या लॅपटॉपवर नुसत्या पायथॉनमधून चालवले, मी कानोसातून. दोन्ही याद्या शेजारी लावल्या. पाचव्या दशांशापर्यंत एकच. चाळीसच्या चाळीस! चार आठवड्यांत पहिल्यांदा मला चहाची चव लागली.

मग मधुकररावांच्या मोटरीचा आवाज घातला. ०.९१. जाईल.

"पास्कल-पायथॉनचा पूल कुठंतरी गळून राह्यला," मी म्हणालो.

"बाबा, माह्याकडेही ०.९१ च येऊन राह्यलं. पूल बरोबर हाय."

"मग दोन्हीकडे चूक हाय. ते मोटर मी सोता ऐकली. ठीक हाय ते."

आचलने मग भलतंच विचारलं. "बाबा, पेचकस कोन्त्या कानाले लावता तुम्ही?"

"उजव्या. एकोणतीस वर्षं झाले."

"अन् ग्राइंडर कोन्त्या बाजूले हाय दुकानात?"

"उजव्या. काऊन?"

"काई नाई. असंच."

माझा कान तिखट आहे. त्या दोघींना वाटतं स्वयंपाकघरातलं बाहेरच्या ओट्यावर ऐकू येत नाही. संध्याकाळी दोघींचं चाललं होतं.

"आई, तूच सांग ना त्याइले."

"मी नाई सांगत. तू शिकलेली हाय, तू सांग. कवाचं लपवून राह्यलो आपन."

"त्याइले लय लागन मनाले."

मला काय ते कळलं. पोरीने नागपुरात कोणीतरी पोरगा पाहून ठेवलाय आणि बापाला सांगायला भितात. मला कशाला लागेल? पोरगा बरा असला म्हणजे झालं. पण मीही काही विचारणार नाही. १८ तारीख होऊ दे.

७ मे, बुधवार

कानोसाने दर दहा मिनिटांनी आपोआप मोटर ऐकायची आहे. पहिली हाक बरोबर. दुसरी बरोबर. तिसरीला सगळं दगड. खिडकी हलत नाही, बटण दबत नाही. असं दिवसातून सोळा वेळा.

पायथॉनच्या घरात एका वेळी एकाच्याच हाती किल्ली असते, हे कोणी आधी सांगायला नको का? माझं घड्याळ वेगळ्या धाग्यातून, म्हणजे थ्रेडमधून, आत घुसतं, किल्ली न घेता. मग दोघंही दाराशी एकमेकांची वाट पाहत बसतात, 'पहले आप' करत. किल्ली घ्यायची, हाक मारायची, किल्ली ठेवायची. ठेवायची विसरलो तर पुन्हा दगड. आज विसरलो. दोनदा.

आठशे किलोमीटरवरून हाक मारलेला माणूस इतका छळत नाही. हे एकाच डब्यात शेजारी बसलेत आणि छळतात.

९ मे, शुक्रवार

चूक सापडली. पण माझी नाही.

०.९१ चा छडा लावायचा म्हणून आचलने मॉडेल कसं शिकवलं ती फाइलच ओळीओळीने वाचली. पायथॉन आता मला वाचता येतं. शत्रूची भाषा अशीच शिकली जाते. चाळिसाव्या ओळीच्या आसपास एक गाळणी आहे: १ जानेवारी २०२३ नंतरचे शेरे घ्यायचे नाहीत. मोजले. माझ्या सहाशे पंचेचाळीस मोटरींपैकी दोनशे चौदा तिने बाहेर फेकल्यात! उन्हातान्हात विहिरीविहिरीवर वाकून घेतलेले शेरे.

ताबडतोब फोन लावला.

"आचल, दोनशे चौदा आवाज काऊन काढले?"

ती मग म्हणाली, "बाबा, त्याच्यात गोंधळ होता."

"कसला गोंधळ? माह्याच हाताचे शेरे हाय सारे."

"हाव. म्हनूनच... फोनवर नाई सांगता येत. उद्या मी येत नाई, ऑफिसात काम निघालं. अठराच्या आधी येतो, मग बसू निवांत. तवापर्यंत काई बदलू नोका."

गोंधळ म्हणे! नवे आवाज नव्या माइकवरचे आहेत, तिला साफ करायचा कंटाळा आला असेल. शहरातली घाई. मॉडेलला माझा पाऊण कान दिला आणि म्हणते, गोंधळ होता.

१० मे, शनिवार

ती ओळ काढली. दोनशे चौदा शेरे परत घातले. तिच्याच सूचनांप्रमाणे मॉडेल पुन्हा शिकवलं. कॉम्प्युटर सकाळी आठपासून दुपारी एकपर्यंत तापला. कूलर माझ्याकडचा काढून त्याच्याकडे लावला.

मधुकररावांची मोटर: ०.१२. ठीक.

पूल पहिल्यापासून बरोबर होता. कान अर्धवट होता. एक महिना मी पास्कल-पायथॉनच्या नावाने खडे फोडले, आणि खोट होती एका गाळणीत. आचलला कळवलं नाही. १८ ला समोरासमोर दाखवीन.

१८ मे, रविवार

यश. तरीही मन चरफडतंय.

बावीसच्या बावीस आले. विहिरीच्या धक्क्यावर डबा ठेवला, माइक मोटरीला चिकटवला. मोटर चालू केली, दहा सेकंद, हिरवा दिवा, पडद्यावर मराठीत 'ठीक'. मग पेचकस लावून मी डोळे मिटले आणि म्हणालो, "ठीक." कानोसा आणि चंद्रभान एकमुखी. टाळ्या पडल्या. मग दुकानातून नेलेली खराब बुशिंगची मोटर लावली, लाल दिवा. परत टाळ्या.

आचल सकाळच्या गाडीने येऊन परस्पर अल्लीपूरला पोचली होती. हळूच विचारलं, "मॉडेल कोन्तं टाकलं?"

"माह्यं. पूर्ण कानाचं."

तिचा चेहरा उतरला. आणि मग सगळ्यांसमोर ती मधुकररावांना म्हणाली, "काका, एक डाव बेरिंग बदलूनच घ्या या मोटरीचं."

बावीस माना माझ्याकडे वळल्या. मी हसून म्हणालो, "नागपुरात राहून भेकड झाली पोरगी. इकडे दिवा हिरवा, तिकडे बाप ठीक म्हन्ते, अजून कोनाची सही पाहिजे?" लोक हसले. मधुकररावही हसले. आनंदाबाई हसल्या नाहीत. आचल वळून मांडवाकडे निघून गेली.

गटाने ठरवलं, जूनपासून सगळ्या विहिरींवर बसवायचा. मधुकररावांच्या मोटरीवरचा आजच तिथे ठेवून आलो.

परतताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी म्हणालो, "पोरगा कोन हाय तो?" तिने असं पाहिलं जसं मीच कोणत्या दुसऱ्या भाषेत बोललो.

२४ मे, शनिवार

मोटर जळाली.

मधुकररावांचा फोन सकाळी दहाला. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "भाऊ, बंद पडली. धूर निघाला. तुमचा दिवा हिरवाच होता."

गेलो. सोबत दुकानातली एक चालती मोटर नेली, ती बसेना, पाइप वेगळा. जोड बदलून कशीबशी बसवली. साडेचारला पाणी सुरू झालं. तोवर खालचा सांबार मान टाकून बसला होता, कारल्याची पानं कडेने वळली होती. आनंदाबाई बादलीने ओळींना पाणी घालत होत्या. मांडव केवढा, बादली केवढी. मला पाहून थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "मी सांगतलं होतं तुमाले." एवढंच.

जळालेली मोटर दुकानात आणून उघडली. मागचं बेरिंग निळं-काळं पडलेलं. ग्रीसचा कोळसा. गोळ्यांवर खड्डे. असं बेरिंग एका दिवसात होत नाही. एकोणतीस वर्षं मी गिऱ्हाइकांना हेच सांगतो: जाम व्हायच्या आधी महिनाभर ते किंचाळतं. बारीक, शिट्टीसारखं. बहिऱ्यालाही ऐकू यावं असं.

वीस एप्रिलचा आवाज पुन्हा लावला. हेडफोन घालून, सगळा वाढवून. भरदार घुमारा. दुसरं काही नाही. दहादा ऐकला.

दहाही वेळा भरदार घुमारा.

२५ मे, रविवार

आचलला मीच बोलावलं. म्हणालो, "गोंधळ कसला होता ते सांग आता."

तिने कानोसा उघडला, माझ्याच पास्कलमधून पायथॉनला हाक मारून एकेक स्वर वाजवायला लागली. स्पीकर टेबलावर. नलू दारात उभी.

"ऐकू आलं का हात वर करा, बाबा."

पाचशे हर्ट्झ. हात वर. हजार. वर. दोन हजार. वर. तीन हजारला जरा थांबून वर. चार हजार, लांबून कोणी रेडिओ लावल्यासारखं. मग मी वाट पाहत बसलो. बसलो.

"पुढचा लाव ना," मी म्हणालो.

आचलने माझ्या मागे दाराकडे पाहिलं. मी वळून पाहिलं. नलूने दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरले होते, आणि डोळ्यांत पाणी होतं.

स्वर वाजत होता.

मग आचलने तक्ता दाखवला. वर्षावार माझे शेरे, आणि त्या मोटरी पुढे खरंच बिघडल्या की नाही ते, दुकानाच्या दुरुस्तीच्या नोंदींवरून. २०२२ पर्यंत मी शंभरात त्र्याण्णव वेळा बरोबर. तेवीस साली ऐंशीच्या खाली. चोवीस साली बेरिंगच्या बाबतीत तर नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. रोटर, पंखा, फेज, बाकी सगळ्यांत अजूनही पक्का. फक्त बारीक आवाज गेला.

"म्हनून ते वर्षं गाळले मी," ती म्हणाली. "तुमाले सांगायची हिंमत नाई झाली."

आणि मी त्या मॉडेलला पाच तास बसवून, कूलर लावून, माझं बहिरेपण शिकवलं.

नलू म्हणाली, "दोन वर्सापासून मशीनचा भोंगा ऐकू नाई येत तुमाले. पहिले मले वाटलं, तुमी मुद्दाम करता."

२८ मे, बुधवार

मधुकररावांची मोटर वाइंड करून, दोन्ही बेरिंग नवी घालून बसवून आलो. ते विहिरीवर होते, पाणी विचारलं, चहा नाही विचारला. तात्पुरत्या मोटरीचं पाणी पुरलं नाही, मांडवाची एक बाजू गेली. दोडके वाचतील.

गाळणीची ओळ जिथे होती तिथे परत लिहिली. तिच्या वर शेरा टाकला: 'ही ओळ काढू नये. कारण चंद्रभानला विचारावे.' वर्ध्याला कानाच्या डॉक्टरांनी सोमवारची वेळ दिली आहे.

१ जून, रविवार

अल्लीपूरला जायचं नव्हतं. बसचा पास खिशात घातला, दोनदा काढून परत ठेवला. गेलो.

सतरा जण आले होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मोटर माह्यापायी जळाली. यंत्रानं पहिलेच सांगतलं होतं का हे जाईन. माह्या पोरीनंही सांगतलं. मले बारीक आवाज ऐकू येत नाई आता, अन् ते मले माहीत नव्हतं. मी यंत्राले माह्यासारखं केलं."

मागून चंदन म्हणून एक कारलेवाला आहे, तो म्हणाला, "मंग दोन वर्सं आमच्या मोटरीले पेचकस लावून भजन ऐकत होते काय भाऊ?"

हशा झाला. मीही हसलो. 

मधुकरराव हसले नाहीत. डब्याकडे बोट करून म्हणाले, "आता हे कोनाच्या कानानं ऐकते?"

"माह्याच," मी म्हणालो. "दोन हजार बावीसच्या."

ते आधी माझ्याकडे न बघता म्हणाले, "बावीसचा कान चालन." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पन बावीस जागी नाई. तीन जागी लावा. दिवाळीपर्यंत पाहू."

बावीसचे तीन झाले. बरं.

आनंदाबाईंनाही सोबत घेऊन चंदनच्या विहिरीवर गेलो. दिवा दिसू नये म्हणून डब्याचं तोंड फिरवून ठेवलं आणि पेचकस आनंदाबाईंच्या हातात दिला. त्या म्हणाल्या, "मले काय येते यातलं?"

"टोक इथं टेकवा वहिनी. मूठ कानाले. अन् डोळे मिटा."

त्यांनी पदर सावरून मूठ कानाला लावली. लगेच मागे झाल्या.

"अवो माय! हे तर रडून राह्यली."

मी लावून पाहिला. भरदार घुमारा, निवांत. डबा फिरवला. लाल. ०.८८. चंदनचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. बेरिंग तिथेच काढलं, गोळ्या नुकत्याच खरवडायला लागल्या होत्या.

दुपारी घरी येऊन आवाजांच्या यादीत एक नवा रकाना वाढवला: 'कोणी ऐकलं'. मागच्या सगळ्या ओळींत एका दमात भरलं: चंद्रभान, चंद्रभान, चंद्रभान. मग आजची ओळ घातली. शेरा: जाईल.

रकान्यात लिहिलं: आनंदाबाई.